फुलवात

(दृश्य: सुरकुतलेले दोन हात, कापूस, दुधाची वाटी)

सरकी काढलेला कापूस. चिमूटभर घ्यायचा, बोटांनी पिंजून गोल पसरायचा, कडा वर गोळा करायच्या. मग बोट दुधात बुडवून देठ वळायचा. पीळ सैल पडला तर वात उभी राहत नाही.

पुण्यातल्या या आजींनी एका चातुर्मासात लाख वातींचा नेम केला होता. आज त्या 81 वर्षांच्या आहेत. शेजारी कापूस पिंजत बसलेली बाई कोण, हे त्यांना सांगता येत नाही. ती त्यांची सून. याच घरात 32 वर्षं.

अल्झायमरमध्ये मेंदूतला नव्या आठवणी रुजवणारा भाग, हिप्पोकॅम्पस, बहुधा आधी पोखरला जातो. म्हणून सकाळचा चहा झाला की नाही हे आठवत नाही, पण माहेरची विहीर आठवते. हातांच्या सवयींचं खातं वेगळं. ते बरंच उशिरा बंद पडतं.

(दृश्य: जुनं छायाचित्र)

फ्रँकफर्ट, 1901. ही ऑगुस्ट डेटर, वय 51. डॉक्टर अलॉइस अल्झायमर तिला नाव विचारतात. ऑगुस्ट. आडनाव? ऑगुस्ट. नवऱ्याचं नाव? तेही ऑगुस्ट. 1906 मध्ये ती गेल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, आणि 1910 मध्ये या आजाराला त्यांचंच नाव मिळालं. आपल्याकडे मात्र शब्द आधीपासून तयार होता: म्हातारचळ! नाव ठेवून मोकळं झालं की दवाखान्यात जायची गरजच उरत नाही.

(दृश्य: कागदावर पेन्सिलीने काढलेलं घड्याळ)

डॉक्टरांनी आजींना सांगितलं, घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. वर्तुळ छान आलंय. पण सगळे आकडे उजवीकडे दाटलेत, आणि काटे थेट दहा आणि अकरावर गेलेत. या कागदापर्यंत पोचायला घराला तीन वर्षं लागली. ब-12 जीवनसत्त्व कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं, तरी माणूस असाच विसरू लागतो आणि तो विसर उपचारांनी सुधारू शकतो. निदान तेवढ्यासाठी तरी लवकर जायला हवं होतं.

देशात साठीपुढचे अंदाजे 88 लाख लोक डिमेन्शियासह, म्हणजे अल्झायमरसारख्या आजारांतून येणाऱ्या स्मृतिभ्रंशासह जगतात. त्यांना सांभाळणारं बहुतेक वेळा घरचंच माणूस असतं. इथे सुनेने शाळेतली नोकरी सोडली.

(दृश्य: दिवेलागण. दाराला उंचावर लावलेली नवी कडी)

ही वेळ अवघड. आजी दाराशी जातात, "घरी जायचंय, आई वाट बघत असेल" म्हणतात. सून समजूत घालत बसत नाही. कापसाचा डबा पुढे ठेवते.

(दृश्य: सुनेच्या तळहातावर एक फुलवात)

"घ्या हो," आजी म्हणतात. "तुमच्याकडे देव असतीलच ना?"