आडनावाच्या आधी गाव विचारा

नमस्कार मंडळी, कसे आहात? आज नावा-आडनावाच्या गप्पा. आपल्याकडे नवीन माणूस भेटला की लगेच "आडनाव काय तुमचं?" आणि ते कळलं की मनातल्या मनात जात, पोटजात, सोयरीक सगळा हिशोब लावून मोकळे! मला विचाराल तर बिचाऱ्या आडनावाला एवढं काही ठाऊक नसतं. पाटील घ्या ना. पाटीलकी हे गावचं पद, मग ज्या गावात ज्या घराकडे ती होती ते पाटील, म्हणून मराठा पाटील आहेत, आगरी आहेत, जैन, लिंगायत, मुसलमान सुद्धा आहेत. कुलकर्णी गावचा हिशोब ठेवायचा, देशपांडे परगण्याचा, आणि चिटणीस, फडणवीस, पोतनीस यातला तो 'नीस' म्हणजे फारसीतला नवीस, लिहिणारा. कुलकर्णी वतनं 1950 च्या कायद्याने गेली, आडनाव राहिलं, आता तो कुलकर्णी नाशिकच्या सातपूरला कारखान्यात सीएनसी मशीन चालवतो.

'कर'वाले सोपे, गाव सोडलं की गावाचं नाव चिकटतं. आपले तात्यासाहेब शिरवाडकर, मूळ गाव निफाड तालुक्यातलं शिरवाडे. पण त्यांचं नाव बघा हं कसं बदलत गेलं, जन्माचं गजानन रंगनाथ, काकांनी दत्तक घेतलं तर विष्णू वामन झाले, म्हणजे स्वतःचं नाव पण नवं आणि बापाचं पण, आणि कविता लिहायला लागले तर एकुलत्या बहिणीच्या, कुसुमच्या नावावरून कुसुमाग्रज. अख्खा महाराष्ट्र त्यांना बहिणीच्या नावाने ओळखतो, हे मला फार आवडतं.

आणि बाईच्या नावाने ओळख ही नाशिकला नवी नाहीच. पांडवलेणीला आपण रविवारी चढतो, सेल्फी काढतो, उतरून मिसळ खातो. तिथल्या 3 नंबरच्या लेण्यात ब्राह्मी लिपीत मोठा लेख आहे, गौतमी बलश्रीचा. मुलगा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी, आणि ती स्वतःला महाराजाची आई, महाराजाची आजी म्हणवते. सातकर्णी नावाचे राजे बरेच झाले, मग हा कुठला तर गौतमीचा. गौतमी, वासिष्ठी ही आयांच्या गोत्रावरून पडलेली नावं. म्हणून 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं मग वडिलांचं नाव लिहायचा सरकारी नियम आला तेव्हा लोक "हे काय नवीन" करत होते, मला हसूच आलं, अहो नवीन कुठलं, त्या लेण्यात दगडावर कोरून ठेवलंय की!

पाळण्यातल्या नावांची तर वेगळीच मजा. पेठ-सुरगाण्याकडे जुन्या माणसांत वारावरून ठेवलेली नावं सापडतात, सोमी, मंगळ्या, बुध्या. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, म्हणून घरोघरी एक गंगूबाई असायचीच. आधीची मुलं जगली नाहीत की दगडू, धोंडू, केरू, म्हणजे देवाचं लक्ष जायला नको. इथवर ठीक. पण मुलीवर मुलगी झाली की नकुशी, हे मात्र माझ्या डोक्यात जातं. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा 200 हून जास्त मुलींची नावं समारंभ करून बदलली. दगडूला जगवायला नाव ठेवलं आणि नकुशीला... जाऊ द्या.

तर तुम्हाला स्वतःचं खरंच शोधायचं असेल तर त्र्यंबकला किंवा पंचवटीत तीर्थोपाध्यायांकडे जा. त्यांच्याकडे पिढ्यानपिढ्यांच्या नामावळी आहेत, जुन्या बऱ्याचशा मोडी लिपीत, तुमचा पणजोबा कधी आला, सोबत कोण होतं, सही-अंगठ्यासकट सापडू शकतं. फक्त जाताना घरातल्या म्हाताऱ्यांना मूळ गाव आणि खापरपणजोबापर्यंतची नावं विचारून कागदावर लिहून न्या, कारण कोणत्या गावाचे यजमान कोणत्या घराकडे ते ठरलेलं असतं, आणि नुसतं "आम्ही पाटील" म्हणून उभे राहिलात तर गुरुजी पहिला प्रश्न विचारणार, कुठले?