बेरियम एनिमा : आतड्याची आकृती आणि आतड्याची भिंत

श्रोतेहो, नमस्कार.

साध्या क्ष-किरण चित्रात हाडे स्पष्ट दिसतात. मोठ्या आतड्याचा मात्र, त्यात साठलेल्या हवेपलीकडे, फारसा पत्ता लागत नाही. म्हणून गुदद्वारातून नळीने बेरियम सल्फेटचे पांढरे मिश्रण आत सोडतात आणि त्याने भरलेल्या आतड्याची चित्रे घेतात. हाच बेरियम एनिमा. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी असतात, परंतु बेरियम सल्फेट पाण्यात विरघळत नाही, रक्तात उतरत नाही आणि शौचावाटे बाहेर पडते. 1910 च्या सुमारास ते वापरात आले. त्याआधी बिस्मथचे क्षार वापरले जात आणि त्यांपैकी काहींनी रुग्णांना विषबाधा झाली होती. पुढे 1923 साली जर्मनीत फिशर यांनी बेरियमपाठोपाठ हवा सोडण्याची पद्धत मांडली. हवेने आतडे फुगते, भिंतीवर बेरियमचा पातळ लेप तेवढा उरतो आणि लहान उंचवटेही नजरेस येतात.

हे सारे एका अटीवर सुरक्षित आहे. आतड्याची भिंत शाबूत असली पाहिजे. बेरियम आतड्याच्या आत असेपर्यंत निरुपद्रवी; भिंतीला छिद्र पडून ते विष्ठेसह पोटाच्या पोकळीत उतरले, तर जिवावर बेतते.

या तपासणीविषयी बोलताना मला एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही, आणि तो सांगताना माझा वेळ नेहमीच अधिक जातो. मी क्ष-किरण विभागात शिकत होतो, तेव्हा एका रात्री आठ-नऊ महिन्यांचे एक बाळ आणले गेले. ते मधूनच कळवळून रडे, पाय पोटाशी घेई, मग थकून निपचित पडे, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच सुरू होई. लंगोटात रक्त आणि शेंब मिसळलेली शी होती. लहान आतड्याचा शेवटचा भाग मोठ्या आतड्यात शिरला होता. सदऱ्याची बाही आतल्या आत ओढली जावी, तसा. अशा वेळी आत शिरलेल्या भागाचा रक्तपुरवठा आवळला जातो, आणि उशीर झाला तर तो भाग सडतो.

आमच्या वरिष्ठ डॉक्टरांनी बेरियमच्या पिशवीला हात लावण्यापूर्वी तीन गोष्टी विचारल्या. पोट ताठर झाले आहे का? चित्रात आतड्याबाहेर हवा दिसते का? शल्यचिकित्सक जागे आहेत का? पहिल्या दोन्हींचे उत्तर ‘नाही’ आणि तिसऱ्याचे ‘होय’ आल्यावरच त्यांनी नळी घातली आणि पिशवी बाळापासून सुमारे तीन फूट उंचीवर टांगली. ‘याहून वर न्यायची नाही,’ असे त्यांनी मला बजावले, कारण आत जो दाब पडतो तो या उंचीचाच.

पडद्यावर बेरियमचा स्तंभ मोठ्या आतड्यातून पुढे सरकला आणि एका जागी अडला. त्याचे टोक वाटीसारखे खोलगट झाले, कारण समोर अडकलेल्या आतड्याचा गोळा होता. कोणीही बोलत नव्हते. बाळ तेवढे रडत होते. मग तो गोळा मागे हटू लागला. बोटभर मागे जाई, थांबे, पुन्हा सरके. उजव्या बाजूला, लहान आणि मोठे आतडे जिथे मिळतात तिथे, तो बराच वेळ अडून राहिला. आणि मग एकाएकी बेरियम लहान आतड्यात सळसळत शिरले. आतडे सुटल्याची खूण हीच : बेरियम लहान आतड्यात मोकळेपणाने गेले पाहिजे. रडणे थांबले आणि बाळ आईच्या खांद्यावर झोपी गेले. शस्त्रक्रिया टळली, तरीही बाळाला रुग्णालयात ठेवून घेतले, कारण काही मुलांमध्ये आतडे पुन्हा शिरते. आज हेच काम बहुतेक ठिकाणी हवेने, किंवा सोनोग्राफीवर पाहत सलाइनने करतात, आणि ते योग्यच आहे : चुकून छिद्र पडलेच, तर हवा वा सलाइन पोकळीत जाणे बेरियमइतके घातक नसते.

मोठ्यांच्या बाबतीत या तपासणीची जागा आता बरीच आकसली आहे. अमेरिकेत 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात, कोलोनोस्कोपीत, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत, सापडलेल्या एक सेंटिमीटरहून मोठ्या गाठींपैकी निम्म्याच्या आसपासच बेरियमच्या चित्रांत दिसल्या होत्या. शिवाय दुर्बिणीतून तुकडा काढता येतो, सावलीतून येत नाही. तरीही दुर्बीण पुढे जात नसेल तर अरुंद भागाची लांबी मोजण्यासाठी, किंवा नवजात बाळाच्या आतड्यात जन्मतः चेतापेशी नसल्याची शंका असेल तेव्हा, ही तपासणी उपयोगी पडते. त्या बाळाला मात्र आधी जुलाब देऊन आतडे साफ करायचे नसते, नाहीतर रुंद आणि अरुंद भागांतील फरक पुसट होतो.

मोठ्या माणसांना उलट आदल्या दिवशी आतडे पूर्ण साफ करावेच लागते, कारण उरलेली विष्ठा गाठीसारखी दिसते. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी जुलाबाचे औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. गर्भ राहिल्याची शक्यता असेल, तर तसे आधी सांगावे. रबराची ॲलर्जी असेल तर तीही सांगावी, कारण 1990 च्या सुमारास नळीच्या टोकावरील रबरी फुग्यामुळे काही रुग्णांना तीव्र प्रतिक्रिया आली आणि मृत्यूही झाले. आणि जाता जाता सांगतो, रुग्णाच्या अंगावर पुरेशी चादर घालायला कोणतेही यंत्र लागत नाही, तरी ती अनेकदा विसरली जाते.

आतड्याची भिंत शाबूत आहे का, हा प्रश्न मी पुन्हा विचारतो. छिद्राची शंका असेल, आतडे तीव्र दाहाने फुगलेले असेल, किंवा नुकताच आतड्याचा खोल तुकडा तपासणीसाठी काढला असेल, तर बेरियम देत नाहीत. छिद्राची शंका असून चित्र घेणे भागच असेल, तर पाण्यात विरघळणारे आयोडीनयुक्त औषध वापरतात. तपासणीनंतर एक-दोन दिवस शौचाला पांढरट होते, त्याने घाबरू नये. भरपूर पाणी प्यावे, कारण बेरियम आत साचले तर कडक होते. मात्र पोटात सतत वाढणारी वेदना, ताप किंवा रक्तस्राव झाल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे. ज्यांना पोटाचा सीटी स्कॅनही सांगितला आहे, त्यांनी तो आधी करून घ्यावा, कारण आतड्यात उरलेले बेरियम सीटीची चित्रे बिघडवते.