वेगळं ठेवायचंय? मग खर्च करा!

नमस्कार मंडळी! एक वर्ग डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेतलं ओक्लाहोमा विद्यापीठ, साल 1948. तास चालू आहे, आणि साठी ओलांडलेला एक विद्यार्थी शेजारच्या खोलीवजा कोपऱ्यात बसून तो ऐकतोय. हे जॉर्ज मॅकलॉरिन, स्वतः शिक्षक, डॉक्टरेट करायला आलेले. लायब्ररीत त्यांचं टेबल वेगळं. कॅन्टीनमध्येही वेगळं, शिवाय जेवायची वेळ वेगळी! का? तर ते कृष्णवर्णीय.

आणि हे सगळं कायद्यात बसवलेलं होतं. 1896 मध्ये सुप्रीम कोर्टाने रेल्वेच्या डब्यांवरून झालेल्या प्लेसी खटल्यात म्हटलं होतं, सोयी समान असतील तर वेगळं ठेवायला हरकत नाही. समान? कागदावर हो.

आता या कायद्याशी लढायचं कसं? इथे येतात माझे आवडते वकील, चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन. हार्वर्डमध्ये शिकलेले. 1929 पासून वॉशिंग्टनच्या हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात त्यांनी कायद्याचं कॉलेज असं कडक केलं की मुलं टेकीला यायची. त्यातलाच एक थरगुड मार्शल. बाल्टिमोरहून रोज ट्रेनने यायचा, कारण घराजवळचं मेरीलँड विद्यापीठ कृष्णवर्णीयांना कायद्याच्या वर्गात घेत नव्हतं.

ह्यूस्टन यांचा डाव ऐका. ‘वेगळं’ या शब्दावर थेट हल्ला नाही करायचा. ‘समान’ हा शब्द धरून बसायचं. समान म्हणता ना? मग द्या! मूठभर विद्यार्थ्यांसाठी दुसरं लॉ कॉलेज बांधा, प्राध्यापक नेमा, लायब्ररी उभारा. राज्यांच्या तिजोरीला हे कसं झेपणार? शिवाय लॉ कॉलेज म्हणजे काय, हे न्यायाधीशांना कुणी वेगळं समजवायला नको. ते तिथूनच आलेले!

पहिला मोठा धक्का मेरीलँडलाच. 1935 मध्ये ह्यूस्टन आणि मार्शल या गुरू-शिष्यांनी डोनाल्ड मरे या तरुणाला तिथे प्रवेश मिळवून दिला. मार्शलने किती चवीने लढवला असेल हा खटला!

टेक्सासने तर केस चालू असताना घाईघाईत वेगळं लॉ कॉलेजच काढलं. का, तर हीमन स्वेट या एका अर्जदाराला मुख्य विद्यापीठात घ्यायला नको म्हणून. 5 जून 1950 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, कॉलेजचं नाव, माजी विद्यार्थी, प्रतिष्ठा... यांची नक्कल कशी कराल? त्याच दिवशी मॅकलॉरिन यांच्याही बाजूने निकाल लागला.

मग ‘वेगळं’वर थेट घाव घालायची वेळ आली. शाळांबद्दलचा ब्राउन खटला, 17 मे 1954. मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या बाजूने नऊच्या नऊ न्यायाधीश. सरकारी शाळांत वेगळं म्हणजे मुळातच असमान!

ह्यूस्टन मात्र हा निकाल ऐकू शकले नाहीत. 1950 च्या त्या दोन निकालांनाही ते नव्हते. 22 एप्रिललाच गेले, वयाच्या 54 व्या वर्षी. दीड महिना आधी.