कुत्र्याच्या ताटातला रस्सा

मंडळी, कोल्हापूरला समुद्र नाही, पण मासळीवर आपला जीव आहे. रत्नागिरीचा बांगडा आंबा घाट चढून येतो, नदीचा-धरणाचा मासा असतोच. घरात कुत्रं असलं की जेवणं उरकल्यावर उरलेला रस्सा-भात कालवून त्याच्यापुढं जातो. मायेनंच जातो. दवाखान्यात लोक विचारतात, "डॉक्टर, मासा चालतोय न्हवं?" मासा चालतो. रस्सा चालत नाही.

कारण आपला कांदा-लसूण मसाला. कांद्यातले गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या तांबड्या पेशी खराब करतात, पेशी फुटतात आणि अंगातलं रक्त कमी होतं. वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कच्चा कांदा पोटात गेला की रक्तात बिघाड दिसू लागतो. दहा किलोच्या कुत्र्याला दोन-तीन मध्यम कांदे पुरे. लसूण त्याहून जहाल. शिजवा, वाळवा, पूड करा, गुण तोच राहतो. एका घासानं काही होत नाही, हे खरं. पण रोज थोडं थोडं गेलं तरी झीज साचत जाते. शिवाय त्रास लगेच दिसत नाही. रविवारचा रस्सा बुधवारी भोवतो, तोवर घरचे जेवण विसरलेले असतात.

म्हणून एक सवय लावून घ्या. कुत्र्याचा ओठ वर करा, हिरडीवर बोट दाबा आणि सोडा. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी. हिरडी काळी असेल तर खालची पापणी ओढून आतला रंग बघा. फिकटपणा, गळाठा, चहासारखी गडद लघवी दिसली तर थांबू नका.

मग द्यायचं काय? मसाला लावण्याआधीच त्याचा तुकडा बाजूला काढा. बांगडा किंवा तारली नुसत्या पाण्यात उकडा, मीठही नको, आणि बोटांनी चिवडून काटा न काटा काढा. कोळंबी सोलून. सुरमई, मोरी क्वचितच, मोठ्या माशांत पारा जास्त साठतो. सुकट-बोंबील नकोच, मीठ फार. तळलेली तुकडीही नको, तेलानं स्वादुपिंड सुजतं. कच्चा मासा देऊ नका, त्यात जंत असतात. आणि बर्फ वितळून गरम झालेला बांगडा तर अजिबात नको: त्यात तयार झालेलं हिस्टामिन नावाचं त्रासदायक द्रव्य उकळूनही जात नाही. घाट चढून येणाऱ्या मासळीबाबत हे मी मुद्दाम सांगतोय.

काटा अडकला तर? कुत्रं पंजानं तोंड घासतं, लाळ गाळतं, गिळताना मान ताणतं. अशा वेळी केळं, भाताचा गोळा भरवू नका, काटा आणखी रुततो. उलटीसाठी मिठाचं पाणी तर मुळीच पाजू नका, त्यानं जीव जाऊ शकतो. तोंड बांधू नका, तसंच उचला आणि दवाखान्यात आणा.