एका पाउंडाला विकला गेलेला क्लब

वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं शहर स्वान्सी. एकेकाळी तांबं वितळवणाऱ्या भट्ट्यांसाठी जगभर माहीत होतं, आणि खेळाचं म्हणाल तर आजूबाजूला सगळीकडे रग्बी. अशा गावात 1912 ला एक फुटबॉल क्लब निघाला, स्वान्सी टाऊन, 1970 पासून स्वान्सी सिटी. मैदानाचं नाव वेच फील्ड. समुद्र अगदी जवळ, भोवती कामगारांच्या घरांच्या रांगा आणि शेजारी तुरुंग.

1978 मधे क्लब चौथ्या डिव्हिजनमधे, म्हणजे इंग्लिश लीगच्या सगळ्यात खालच्या पायरीवर होता, आणि तिथे आला जॉन टोशॅक. जन्म कार्डिफचा, म्हणजे स्वान्सीच्या कट्टर वैऱ्यांच्या गावचा, लिव्हरपूलचा स्टार स्ट्रायकर, वय फक्त 28, आणि आला ते खेळाडू आणि मॅनेजर दोन्ही म्हणून. चार सीझनमधे तीन प्रमोशन! ऑगस्ट 1981 मधे पहिल्या डिव्हिजनमधली पहिलीच मॅच, समोर लीड्स, आणि स्वान्सीने 5-1 ने हरवलं, बॉब लॅचफर्डची हॅटट्रिक. त्या सीझनला सहावा नंबर.

पण खर्च झेपेल एवढे पैसे क्लबकडे नव्हतेच. 1983 ला खाली, 1984 ला परत खाली, आणि 1985 च्या डिसेंबरमधे तर कोर्टाने क्लब गुंडाळायचा आदेश दिला. डग शार्प नावाच्या तिथल्याच एका व्यावसायिकाने पैसे घातले म्हणून वाचला. 1986 ला पुन्हा चौथं डिव्हिजन. जिथून निघाले तिथेच, आठ वर्षांत.

आता 2001. क्लब विकला गेला एका पाउंडाला. घेणारा टोनी पेटी, ऑस्ट्रेलियाहून आलेला, आणि आल्या आल्या खेळाडूंचे करार मोडायला, पगार कापायला निघाला. तेव्हा गाव उठलं. फॅन्सनी ट्रस्ट काढला, वर्गणी जमवली, निदर्शनं केली, आणि जानेवारी 2002 मधे स्थानिक लोकांच्या गटाने क्लब आपल्या ताब्यात घेतला. साधारण पाचवा हिस्सा फॅन्सच्या ट्रस्टचा आणि बोर्डावर त्यांचा माणूस. मला विचाराल तर या क्लबच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, कुठलाही कप नाही.

अर्थात नुसत्या मालकीने मॅच जिंकता येत नाहीत. 3 मे 2003, सीझनचा शेवटचा दिवस, वेच फील्डवर हल सिटी समोर, आणि हरले तर प्रोफेशनल लीगमधूनच बाहेर पडायची भीती. आधी पेनल्टीवर गोल, मग हलने दोन मारले, स्टेडियमला घाम फुटला, मग परत पेनल्टी, 2-2. दुसऱ्या हाफमधे लेनी जॉनरोझचा गोल, आणि नंतर जेम्स थॉमसने गोलकीपरच्या डोक्यावरून बॉल अलगद आत टाकला. 4-2. थॉमसची हॅटट्रिक, आणि पोरगा स्वान्सीतच जन्मलेला! तिकडे त्याच भीतीत असलेल्या एक्सेटर क्लबने आपली मॅच जिंकली तरी बिचारे एका पॉइंटने लीगबाहेर गेले.

त्यानंतर जे घडलं ते सावकाश घडलं आणि म्हणूनच टिकलं. 2005 मधे वेच सोडून नवं लिबर्टी स्टेडियम. 2007 ला रॉबर्टो मार्टिनेझ मॅनेजर झाला, बॉल जमिनीवर ठेवून छोटे छोटे पास, लोक क्लबला बार्सिलोनाच्या चालीवर कौतुकाने स्वान्सीलोना म्हणायला लागले. मिडफिल्डला लिऑन ब्रिटन, उंचीने लहान, पण या क्लबकडून चारही डिव्हिजन खेळलेला माणूस. 30 मे 2011, लंडनचं वेम्बली स्टेडियम, प्रमोशनची फायनल, रीडिंगला 4-2, स्कॉट सिंक्लेअरची हॅटट्रिक, आणि प्रीमियर लीगमधे (जुन्या पहिल्या डिव्हिजनच्या जागी आलेली सगळ्यात वरची लीग) पोचलेला पहिला वेल्श क्लब स्वान्सी. 2013 मधे मायकेल लाउड्रुपच्या हाताखाली लीग कप, फायनल 5-0. त्याच वर्षी युरोपात स्पेनच्या व्हॅलेन्सियाला त्यांच्या घरी 3-0. 2015 ला गॅरी मंकच्या टीमचा आठवा नंबर. मंक त्या चढणीत बराच काळ कॅप्टन होता, हेही लक्षात घ्या.

मग 2016. बहुतेक जुन्या मालकांनी आपले शेअर्स अमेरिकन गटाला विकले, जवळपास 68 टक्के, आणि ज्या ट्रस्टमुळे क्लब वाचला त्याला या बोलण्यांत घेतलंच नाही. हे मला आजही सलतं. पैसे आले, मॅनेजर एकामागून एक बदलले, चांगले खेळाडू गेले आणि त्यांच्या जागी आलेल्यांचा मेळ बसेना, 2018 मधे सात वर्षांचा प्रीमियर लीगचा मुक्काम संपला. 2021 मधे परत जायची संधी आली होती, वेम्बलीवर ब्रेंटफर्डने 2-0 ने हरवलं.

2025 मधे क्रोएशियाचा स्टार फुटबॉलपटू लुका मॉड्रिच या क्लबचा सहमालक झाला, पाठोपाठ रॅपर स्नूप डॉग. एवढी मोठी नावं आली, जगभर बातम्या झाल्या, छानच आहे, क्लबला पैसा लागतोच. फक्त पुढच्या वेळी शेअर्स विकायची बोलणी होतील तेव्हा पहिला फोन ट्रस्टला जावा. 2002 मधे वर्गणी काढणाऱ्या लोकांचा तेवढा हक्क नक्की आहे.