रस्ता बंद कोणी करायचा?

(फोंड्यातल्या एका वाचनालयात निवृत्त पूल इंजिनिअरने दिलेलं व्याख्यान, थोडं आवरून)

मंडळी, पावसाचे दिवस आहेत तरी एवढे जण आलात, बरं वाटलं. विषय रिस्क मॅनेजमेंटचा दिलाय, पण मी आपल्या ६६ नंबरच्या हायवेवरूनच बोलतो, जुन्या लोकांच्या तोंडी अजून तो सतराच. पनवेलहून निघतो, पत्रादेवीला गोव्यात शिरतो, पोळ्याला बाहेर पडतो आणि पार कन्याकुमारीला जातो. देशात नॅशनल हायवे साधारण दीड लाख किलोमीटर, म्हणजे एकूण रस्त्यांच्या दोन-अडीच टक्केच, पण २०२२ मध्ये देशात रस्त्यावर जे १,६८,४९१ लोक गेले त्यातले तिसऱ्या हिश्श्याहून जास्त या हायवेंवर गेले. आता ब्लॅक स्पॉट ठरवायचा नियम आहे, पाचेकशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, नाहीतर दहा मृत्यू. नियम चांगलाच आहे, पण बघा ना, आधी माणसं जायला हवीत मग जागा यादीत येणार, आणि पूल तर एकदाच पडतो, त्याला तीन वर्षांचा हिशोब कसा लावणार?

सावित्री नदीवरच्या पुलाचं सांगतो. २ ऑगस्ट २०१६, महाडजवळ रात्री पूर आला आणि ब्रिटिशांच्या वेळचा दगडी कमानीचा पूल वाहून गेला, दोन एसटी गाड्या आणि आणखी वाहनं गेली. मे महिन्यात या पुलाची तपासणी झाली होती असं तेव्हा सांगण्यात आलं. मला ते खोटं वाटत नाही, मी स्वतः अशा तपासण्या केल्यात. मे महिन्यात नदीत गुडघाभर पाणी असतं, दगड जागेवर असतात, तडा दिसत नाही, मग कागदावर पूल ठीक. पण पूल ठीक आहे का हा एक प्रश्न आणि आज रात्री एवढं पाणी असताना त्याच्यावरून गाडी सोडायची का हा दुसरा, आणि दुसरा प्रश्न विचारायला त्या रात्री तिथे कोणीच नव्हतं. पुढे गेलेल्या गाड्यांचे लाइट दिसेनासे होतायत हे लक्षात आलं ते जवळच्या एका गॅरेजवाल्या माणसाच्या, त्यानेच मग बाकीच्या गाड्या अडवल्या.

आणि मनाला लागणारी गोष्ट म्हणजे शेजारीच दुसरा, नवा पूल उभा होता! रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा राहावा म्हणून जुना पूल एका दिशेला वापरात ठेवलेला. आठ वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२४ ला मध्यरात्रीनंतर कारवारचा काळी नदीवरचा जुना पूल कोसळला, तिथेही तेच, शेजारी नवा पूल आणि जुन्यावरून गोव्याकडून कारवारला जाणारी गाडी. एक ट्रक नदीत पडला, ड्रायव्हर वाचला. दोन्ही ठिकाणी जुना पूल पावसाळ्याचे चार महिने बंद ठेवला असता तर लोकांना काय सोसावं लागलं असतं? नव्या पुलावर समोरासमोर ट्रॅफिक, थोडी रांग, थोडा हॉर्न. एवढंच.

आता याच डोंगरातून, याच पावसात कोकण रेल्वे जाते. तिनेही फार मोठी किंमत मोजलीय, जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ गाडी दरडीवर घसरली, पन्नासेक माणसं गेली. पण त्यानंतर बघा, पावसाळ्याचं वेगळं टाइमटेबल पाळतात, रुळावरून रात्री गस्तवाले चालतात, पाऊस मोजतात, काही पुलांवर पाण्याची पातळी सांगणारी यंत्रं आहेत, समोरचं दिसेना झालं की ड्रायव्हरने ताशी चाळीसवर यायचं असं ठरलेलंच आहे. गाडी उशिरा आली की आपण कुरकुरतो, पण चवथीला गावी जाणारा माणूस त्या उशिरामुळेच घरी पोचतो. हायवेला असं टाइमटेबल का नाही? सोपं नाही हे मलाही कळतं, रेल्वेला एक कंट्रोल रूम असते, सिग्नल लाल केला की गाडी थांबते, हायवेवर मालक अनेक, कॉन्ट्रॅक्टर वेगळा, पोलीस वेगळे, आणि रस्ता बंद केला की फोन सुरू होतात, भाजीच्या गाड्या अडकल्या, मासळी नासली, अॅम्ब्युलन्स कुठून न्यायची. म्हणून कोणी बंद करायला धजावत नाही.

गोव्याला हे कळायला हवं. १९८६ च्या जुलैत मांडवीचा पूल पडला तेव्हा मी पणजीत शिकत होतो, पूल बांधून जेमतेम पंधरा-सोळा वर्षं झालेली, आतल्या केबल गंजलेल्या. मग बेतीच्या फेरीबोटीसाठी पावसात उभं राहायचं. त्या रांगेतच मी ठरवलं की पुलांचंच शिकायचं. म्हणूनच पुढे जुवारीच्या जुन्या पुलावर अवजड गाड्यांना बंदी घालून त्या बोरीमार्गे वळवल्या तेव्हा लोक चिडले तरी मला तो निर्णय धाडसाचा वाटला, आणि आता नवा पूल झालाय.

पण बंद म्हणजे खरोखर बंद हवं. सावर्डेचा पोर्तुगीजांच्या काळातला पादचारी पूल बंदच होता, तरी मे २०१७ मध्ये नदीत उडी मारलेल्या एका मुलाचा शोध बघायला लोक त्याच्यावर चढले आणि पूल माणसांसकट खाली गेला. पूल बंद होता, पण लोकांना त्याच्यावर चढता आलं.

मघाशी मागून एकाने विचारलं, मग करायचं काय, पैसे कुठायत? माझ्या मते सुरुवातीला फार पैसे लागतच नाहीत. प्रत्येक जुन्या पुलाच्या खांबावर रंगाने पट्टी मारा, पिवळी आणि लाल. पाणी पिवळीला लागलं की अवजड गाड्या थांबवायच्या, लालला लागलं की सगळ्या. दोन्ही टोकांना साखळी आणि रात्री एक माणूस, त्याला रेनकोट, टॉर्च आणि फोन द्या. पर्यायी रस्ता कुठला ते जूनच्या आधी ठरवून त्या रस्त्याचे खड्डे आधी बुजवा. आणि साखळी ओढायला त्या माणसाला पणजीहून परवानगी मागावी लागणार नाही असं लेखी द्या, सहीशिक्क्यासकट.