गोसाम : अख्ख्या घराचं एक वर्ष

[दृश्य : रात्र. ओला रस्ता, इमारतींवर पाट्यांचे दिवे.]

रात्रीचे दहा वाजलेत. दक्षिण कोरियाची राजधानी सोल, तिच्या गंगनम भागातला हा देची-दोंग परिसर. दुकानांची शटरं खाली यायची ही वेळ, पण इथला रस्ता आत्ता भरायला लागलाय. इमारतींच्या जिन्यांवरून मुलांचे लोंढे उतरतायत. काहींच्या अंगावर अजून सकाळचाच शाळेचा गणवेश आहे. कडेला गाड्यांची रांग लागलीय, आणि कितीतरी गाड्यांत आई वाट बघत बसलीय.

या इमारतींत हागवन आहेत, म्हणजे खासगी क्लास. रात्री दहानंतर क्लास चालवायला सोलमध्ये मनाई आहे, म्हणून सगळे एकाच वेळी सुटतात. मुलांना थोडी झोप मिळावी, घरच्यांचा खर्च आटोक्यात राहावा, यासाठी केलेला हा नियम. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी रात्री घरी असावं, एवढ्यासाठी नियम करावा लागतो, हे ऐकून पोटात कालवतं.

[दृश्य : शाळेचं प्रवेशद्वार, सकाळ.]

दक्षिण कोरियात सहा वर्षं प्राथमिक शाळा, तीन वर्षं मिडल स्कूल आणि तीन वर्षं हायस्कूल. आपल्या हिशेबात सांगायचं तर दहावी, अकरावी, बारावी. वर्ष मार्चमध्ये सुरू होतं. सक्तीचं शिक्षण नववीलाच संपतं, पण तिथे थांबणारी मुलं अगदीच थोडी. २०२१पासून हायस्कूलच्या तिन्ही वर्षांना फी माफ आहे. दुपारचं गरम जेवणही शाळेतच मिळतं.

मग पैसा जातो कुठे? हागवनमध्ये. २०२४ साली शाळकरी मुलांच्या खासगी शिकवण्यांवर कोरियन घरांनी २९.२ लाख कोटी वॉन खर्च केले. शिकवणी लावलेल्या हायस्कूलच्या मुलामागे महिन्याला सरासरी ७ लाख ७२ हजार वॉन.

बहुतेक मुलं साध्या हायस्कूलमध्ये जातात, आणि मोठ्या शहरांत कुठली शाळा मिळणार ते बऱ्याच अंशी सोडतीवर ठरतं. ही सोडत कशी आली, ते सांगायला हवं. त्यात एका मिठाईची गोष्ट आहे.

[दृश्य : पातेल्यात रटरटणारा पाक, लाकडी उलथनं.]

योत ही भातापासून केलेली चिकट मिठाई. काकवीच्या पाकासारखी दिसणारी, ओढली की तार सुटणारी. १९६४च्या डिसेंबरात सोलमध्ये मिडल स्कूलची प्रवेश परीक्षा झाली. चांगल्या शाळेसाठी बारा वर्षांची मुलं तेव्हा जिवाचं रान करत. एक प्रश्न होता : योत करताना मोड आणलेल्या सातूऐवजी काय घालता येईल? अपेक्षित उत्तर होतं डायास्टेज, म्हणजे पिठूळ पदार्थाची साखर करणारं पाचक द्रव्य. मुळ्याचा रस हाही एक पर्याय होता, तो लिहिणाऱ्यांचा गुण गेला. एका गुणावर शाळा हुकली, तेव्हा आया पेटून उठल्या. त्यांनी घरी मुळ्याचा रस घालून खरोखर योत केली आणि ती घेऊन शिक्षण खात्याच्या दारात गेल्या. घ्या, खाऊन बघा! प्रकरण कोर्टात गेलं, निकाल मुलांच्या बाजूनं लागला, आणि १९६५ साली ३८ मुलांना प्रवेश मिळाला.

पुढे ती परीक्षाच गेली. १९६९मध्ये सोलच्या मुलांनी हातानं फिरवायचं एक पिंप गरगर फिरवलं. त्यातून जी गोळी पडेल, ती आपली शाळा. १९७४पासून सोल आणि बुसानमध्ये हायस्कूलची प्रवेश परीक्षाही गेली. बारा आणि पंधरा वर्षांच्या मुलांच्या मानेवरचं जू उतरलं, हे फार मोठं काम झालं, असं मी मनापासून मानतो. पण ते जू पुढे सरकून अठराव्या वर्षावर जाऊन बसलं. १९८० साली सरकारनं शिकवण्यांवर सरसकट बंदी घातली. २०००मध्ये घटना न्यायालयानं ती घटनाबाह्य ठरवली.

सोडतीबाहेरही शाळा आहेत. विज्ञान, परकीय भाषा, कला यांच्या खास शाळा, आणि स्वतःचा अभ्यासक्रम ठरवायची जास्त मोकळीक असलेल्या खासगी शाळा. शिवाय २०१०पासून माइस्टर हायस्कूल आली. तिथे आधी हातात कसब, मग नोकरी, आणि पुढे वाटलं तर कॉलेज. या शाळांविषयी घराघरांत जेवढं बोललं जायला हवं, तेवढं जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

[दृश्य : वर्ग. फळ्यावर परीक्षेला उरलेल्या दिवसांचा आकडा.]

साध्या हायस्कूलमधला दिवस लांबलचक. पन्नास मिनिटांचे तास, आणि संध्याकाळी शाळेतच बसून याजा, म्हणजे रात्रीचा स्वयं-अभ्यास. तो नावाला ऐच्छिक असला तरी वर्षानुवर्षं चुकवण्याची सोय नव्हती. आता बऱ्याच ठिकाणी तो सैल झालाय, पण मुलं तिथून उठून हागवनला जातात.

खरी मेख गुणांच्या पद्धतीत आहे. एका विषयाला शंभर मुलं असतील, तर जुन्या नऊ श्रेणींच्या पद्धतीत पहिली श्रेणी फक्त चौघांना. पाचव्याला ९८ गुण पडले तरी तो दुसऱ्या श्रेणीत. मग शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला वही देताना हात क्षणभर थबकतो. २०२५च्या मार्चमध्ये हायस्कूलला आलेल्या मुलांसाठी श्रेणी पाचच केल्या. आता पहिली श्रेणी दहा जणांना मिळते. त्याच वर्षी श्रेयांक पद्धतही आली : आपले विषय आपण निवडायचे आणि तीन वर्षांत १९२ श्रेयांक जमवायचे. विचार चांगला आहे. पण कुठला विषय घेतला तर विद्यापीठाला आवडेल, याचा सल्लाही आता हागवनच विकतात.

विद्यापीठांच्या बहुतेक जागा शाळेतले गुण आणि शाळेनं ठेवलेली नोंदवही यांवर भरतात. तिथेही पुष्कळदा सुनुंग या प्रवेश परीक्षेत ठरावीक श्रेणी मिळवावी लागते. उरलेल्या जागा मुख्यतः सुनुंगच्याच गुणांवर.

सुनुंग म्हणजे नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी होणारी देशव्यापी परीक्षा. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आणि त्या वर्षातल्या मुलाला गोसाम म्हणतात. घरात गोसाम असला की टीव्हीचा आवाज खाली जातो, पाहुणे येणं टाळतात.

[दृश्य : डोंगरातल्या दगडी पायऱ्या, मेणबत्त्या.]

देगू शहराजवळच्या पालगोंगसान डोंगरावर एक दगडी बुद्ध आहे, गात्बावी. त्याच्या डोक्यावर सपाट दगडाची टोपी आहे, पदवीदानाच्या टोपीसारखी. मनापासून मागितलेली एक इच्छा तो पुरी करतो, अशी श्रद्धा. परीक्षेला शंभर दिवस उरले की आया ही चढण चढू लागतात. चटई अंथरायची, गुडघे टेकायचे, कपाळ टेकवायचं, उठायचं, पुन्हा टेकायचं.

मुलाच्या हाती योत ठेवतात. कोरियन भाषेत 'चिकटणं' आणि 'परीक्षेत पास होणं' यांना एकच क्रियापद आहे. समुद्री शेवाळाचं सार मात्र त्या दिवसांत वर्ज्य, कारण ते बुळबुळीत. 'सार प्यायला' म्हणजे नापास झाला. एरवी वाढदिवसाला याच साराशिवाय चालत नाही.

[दृश्य : पहाट. स्वयंपाकघर.]

परीक्षेच्या दिवशी शाळेत जेवण मिळत नाही, डबा घरूनच न्यायचा. म्हणून आई पहाटे उठते. पोटाला जड काही नको, नवीन काही नको. सरकारी कचेऱ्या त्या दिवशी तासभर उशिरा उघडतात, शेअर बाजारही. उशीर झालेल्या मुलाला पोलीस गाडीतून सोडतात. दुपारी इंग्रजीचा ऐकण्याचा भाग सुरू होतो, तेव्हा ३५ मिनिटं देशभर एकही विमान उडत नाही की उतरत नाही. २०१७मध्ये आदल्या दिवशी पोहांगला भूकंप झाला, तर अख्ख्या देशाची परीक्षा आठवडाभर पुढे गेली. नोव्हेंबर २०२५च्या सुनुंगसाठी ५ लाख ५४ हजार अर्ज आले. त्यात दर दहांतले जवळजवळ तिघं शाळा संपवून पुन्हा बसणारे होते.

[दृश्य : संध्याकाळ. शाळेचं बंद फाटक.]

पाच वाजायला आलेत, उजेड उतरलाय. फाटकाबाहेर गर्दी आहे, पण बोलणं नाही. फाटक उघडतं, मुलं येतात, काही हसत, काही खाली बघत. एक आई पुढे होते. कसा गेला पेपर, हे ती विचारत नाही. मुलीच्या हातातली डब्याची पिशवी घेते आणि हलकेच उचलून बघते, रिकामी आहे का.